आठ मात्रांची मोकळी जागा

विमलताई अंबाडीची भाजी निवडत होत्या आणि त्यांची सून निशिगंधा उंबरठ्यावर बसून मोबाइल पाहत होती. सुनेनं मोबाइल पाहावा आणि सासूनं भाजी निवडावी, एवढ्यावरून कितीतरी घरांत महाभारत होतं. या घरात कधी झालं नाही. दारव्ह्याजवळच्या त्या गावात विमलताईंची ओळखच मुळी 'कमी बोलणारी बाई' अशी होती. लग्न होऊन इथं आल्याला एकोणचाळीस वर्षं झाली, पण त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता.

तर त्या मोबाइलमधून गिटार वाजायला लागली. खरखर भरपूर, माणसांचा गलका, मधेच कोणीतरी खोकतंय. त्या सगळ्यातून गिटारची तार वर वर चढत गेली आणि एकदम थांबली. थोडा वेळ नुसती खरखर. आणि मग त्या शांततेत खंजिरी वाजली.

विमलताईंच्या हातातली काडी खाली पडली.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

"काय आई?"

"ते. पुन्हा लाव म्हटलं ना!"

आवाजातली धार ऐकून निशिगंधानं वर पाहिलं. सासूबाईंची उजव्या हाताची बोटं सुपावर पडत होती, सुपातली पानं उडत होती. मोबाइलमधली खंजिरी जशी वाजत होती तशीच ती बोटं चालत होती, आणि तीही जराशी आधी. पुढं काय येणार ते बोटांना अगोदरच ठाऊक होतं.

"तुमी हे कुठं ऐकलं होतं, आई?"

"ऐकलं नाई," विमलताई म्हणाल्या. "मी वाजवलं."

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर निशिगंधा पोट धरून हसली असती. पण ही बाई भाजीवाल्याशीसुद्धा कधी खोटं बोलत नाही. त्यामुळे तिनं मोबाइल बाजूला न ठेवता त्यात काय लिहिलंय ते आधी मोठ्यानं वाचून दाखवलं.

लायनेल कुटिन्हो. गोव्याचा माणूस, मुंबईत वाढलेला. ज्या काळात आपल्याकडं गिटार म्हणजे सिनेमातल्या हिरोच्या गळ्यातला दागिना, त्या काळात या गड्यानं तिच्यातून असा काही रॉक काढला, की कॉलेजची पोरं त्याच्यासाठी परीक्षा बुडवायची. पंधरा वर्षांपूर्वी तो वारला. त्याच्या कार्यक्रमांची जी काही ध्वनिमुद्रणं होती ती भक्तांनी जपून ठेवली. पण यवतमाळच्या कार्यक्रमाची नुसती आख्यायिका होती. फेब्रुवारी सत्याऐंशीमध्ये एका कॉलेजच्या गॅदरिंगला तो आला होता म्हणे, आणि तिथं काहीतरी अजब घडलं म्हणे. आता ते सापडलं होतं. चंद्रशेखर नावाच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यानं प्रेक्षकांत बसून, मांडीवरच्या टेपरेकॉर्डरवर ते भरून घेतलं होतं. घर बदलताना त्यांची मुलगी अनघा हिला दिवाळीच्या माळांच्या खोक्यात कॅसेट मिळाली. तिनं ती पुण्याच्या सलीलला दिली. हा सलील म्हणजे लायनेलचा अगदी निस्सीम भक्त. त्यानं ती साफ केली, तिच्यातला एक तुकडा सगळ्यांना ऐकवला, आणि आता तो तिची तबकडी काढणार होता.

"आणि शेवटी लिहिलं हाय," निशिगंधाचा आवाज बारीक झाला, "की येत्या रविवारी कळंबले त्या खंजिरीवाल्याचा सत्कार. तबकडीवर लायनेलच्या नावाखाली त्याचं नाव छापनार. सदाशिवराव, कळंब. आई, हे तर तुमचे काका!"

"हाव. काकाच."

"एकदा छापलं का मंग झालंच. जगभर तेच नाव राहीन."

विमलताईंनी सुपातली उडालेली पानं एकेक करून गोळा केली. मग सूप बाजूला सारलं आणि एकोणचाळीस वर्षांत जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते सुनेला सांगायला बसल्या.

आता ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर आमच्याकडचं खंजिरी भजन म्हणजे काय ते ठाऊक पाहिजे. खंजिरी म्हणजे हातात मावणारं गोल लाकडी कडं, त्याला एका बाजूनं ताणलेलं चामडं, कडेला पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. दिसायला खेळणं, पण वाजवायला बसा म्हणजे समजेल. या भजनाचे मुकाबले होतात. दोन मंडळं समोरासमोर बसतात. एक मंडळ वाजवत वाजवत येतं, थांबतं आणि समोर पाहतं. तो सवाल. मग समोरच्यानं जवाब द्यायचा. जवाब नाही आला तर त्या गावाची मान खाली. मग वर्षभर त्या गावच्या माणसानं बाजारात चहा प्यायचा म्हटला तरी कोणी ना कोणी टोमणा मारणारच.

विमलचे वडील आणि काका सदाशिव यांचं असं मंडळ होतं. विमल सहाव्या वर्षापासून त्यात बसायची. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिची बोटं अशी तयार झाली होती, की समोरचं मंडळ मोठं असलं तर काका तिला मुद्दाम मागून पुढं घ्यायचे.

त्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगला सकाळी खंजिरी भजन आणि संध्याकाळी लायनेल, असा एकाच मांडवात बेत होता. पोट्ट्यांना लायनेल हवा होता, प्राचार्यांना भजन. मग काय, दोन्ही ठेवलं. भजन आटोपलं, गावाकडची जीप सातला येणार होती, म्हणून मंडळातली माणसं स्टेजच्या बाजूला सतरंजीवर बसून राहिली. आभाळ भरून आलेलं, माघातच झिमझिम सुरू झालेली. काकांनी आपली काळी शाल विमलच्या डोक्यावरून टाकली होती.

लायनेलचा ड्रमवाला वर्ध्यालाच तापानं आडवा झाला होता. त्यामुळे स्टेजवर तो, आणि मागं जाड तारांची गिटार धरलेला एक पोरगा, बस. त्यानं वाजवायला सुरुवात केली आणि विमलच्या अंगावर काटा आला. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो माणूस खरा होता एवढं कळलं. तो वाजवत वाजवत वर गेला, थांबला आणि समोर पाहिलं.

आता तो आपला असाच थांबला होता. गाण्यात दम घेण्यासाठी थांबतात तसा. पण विमलला हे कोण सांगणार? तिनं लहानपणापासून एकच रीत पाहिलेली. एवढ्या लांबून आलेला पाव्हणा सवाल टाकून उभा आहे, आणि आख्ख्या यवतमाळातून एकही माईचा लाल जवाब देत नाही! पोट्टे नुसते तोंड उघडून पाहतायत! तिला इतकी लाज वाटली, इतका राग आला, की शालीतून हात काढून तिनं खंजिरी उचलली आणि दणकून जवाब दिला. आठ मात्रा, बरोबर मोजून.

मांडव चिडीचूप. वडिलांनी कपाळाला हात लावला. लायनेलनं मान वळवून पाहिलं, आणि मग तो असा काही हसला की विमलची सगळी भीती पळाली. त्यानं तिच्याच आठ मात्रा गिटारवर काढून दाखवल्या, त्याला आपली एक शेपटी जोडली आणि पुन्हा थांबला. आता मात्र खरोखर सवाल होता. हातानं खूण केली, वर ये. विमल वर गेली.

"आणि मंग?" निशिगंधानं विचारलं. ती आता उंबरठ्यावरून उठून सासूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

"मंग काय. वाजवली. लय वाजवली," विमलताई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर एकोणीस वर्षांची पोट्टी येऊन गेली.

नंतर जे झालं ते सांगायला मात्र त्यांना वेळ लागला. दारव्ह्याकडची सोयरीक तेव्हा जवळजवळ ठरली होती. पोरगी कॉलेजच्या पोट्ट्यांसमोर गिटारवाल्यासंगं स्टेजवर नाचली, असं कोणी जाऊन सांगितलं असतं तर सगळंच फिसकटलं असतं. वडिलांनी घरी येताच मंडळाच्या माणसांना देवासमोर उभं केलं आणि शपथ घातली. शाल सदाशिवची होती, दिवे मिणमिणते होते, पोट्ट्यांना काय दिसलं असणार? स्टेजवर सदाशिव होता. वाजवली ती सदाशिवनं. लग्न झालं. खंजिरी वडिलांनी काकांकडं दिली, कारण सासरी ती नेली असती तर प्रश्न उभे राहिले असते.

"आणि तुमी गप राह्यल्या?"

"माह्याच लग्नासाठी होतं ना ते. कोनाले बोलू?"

खरं सांगायचं तर विमलताईंना पहिली काही वर्षं त्याचं फार वाटलं नाही. पण काका पुढं शाळेत मास्तर झाले, भाषणं करायला लागले, आणि प्रत्येक भाषणात लायनेल यायला लागला. 'लायनेल मले म्हणाला' इथून सुरुवात. मग पेपरात मुलाखत. मग कोणीतरी मानपत्र दिलं. माहेरी गेलं की दिवाणखान्यात त्या मानपत्राखाली बसून चहा प्यावा लागायचा, आणि तो चहा विमलताईंच्या घशाखाली उतरायचा नाही. हे त्यांनी आज पहिल्यांदा तोंडानं कबूल केलं, आणि त्यांना ढसाढसा रडू आलं.

संध्याकाळी नवरा शेतातून आला. विमलताई त्यांना 'नयनचे बाबा' म्हणत, आपणही तसंच म्हणू. नयन त्यांचा मुलगा, तो नागपुरात नोकरीला. नयनच्या बाबांनी हातपाय धुतले, ताटावर बसले, आणि निशिगंधानं सासूला डोळ्यानं खुणावलं. विमलताईंनी भाकरी वाढता वाढता सगळं सांगून टाकलं.

नयनच्या बाबांनी अख्खी भाकरी संपवली. मग पाणी प्याले.

"म्हंजे आपली सोयरीक खोट्यावर झाली?"

"हाव."

"मंग बरंच झालं म्हना ते खोटं बोलले. नाईतर तू मले कुठून भेटली असती?" त्यांनी दुसऱ्या भाकरीसाठी हात पुढं केला. "पन आता तर लग्न होऊन गेलं ना? नातू शाळेत जाऊन राह्यला. आता खरं बोलाले कायची अडचन हाय?"

"माहेर तुटंल."

नयनच्या बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. एवढंच म्हणाले, की रविवारी मी येतो सोबत, बोलायचं का नाही ते तुझं तू पाहा.

रविवारी सकाळी तिघं निघाली. दारव्ह्याहून जीप, यवतमाळहून बस. श्रावण होता, आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला. कळंबला उतरल्यावर विमलताईंनी चिंतामणीला हात जोडले, पण काय मागावं ते त्यांना सुचेना. काकांची अब्रूही राहू दे आणि खरंही होऊ दे, असं मागितलं असतं तर देवालाही पेच पडला असता.

मंगल कार्यालय भरलं होतं. पुढच्या रांगेत कळंबची मानाची माणसं, मागं शाळेची पोरं, एका कोपऱ्यात भज्यांची कढई. स्टेजवर सदाशिवराव. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पांढरा सदरा, ताठ मान. त्यांच्यापुढं टेबलावर लाल कापड, आणि कापडावर खंजिरी. विमलताईंनी ती लांबूनच ओळखली. चौथ्या चकतीचा खिळा पडला होता तेव्हा त्यांनी आपल्या केसाचा आकडा वाकवून घातला होता. तो आकडा अजून तिथंच होता.

"अरे विमल! ये ये," काकांनी स्टेजवरूनच हाक मारली. "माही पुतनी. लहानपनी माह्यासंगं बसे भजनाले." लोकांनी वळून पाहिलं. विमलताई मधल्या रांगेत खुर्चीवर बसल्या.

सलील पंचेचाळिशीचा, साधा सुती शर्ट घातलेला माणूस. काही बोलण्याआधी तो वाकून काकांच्या पाया पडला. विमलताईंना ते पाहवेना. मग त्यानं दोन मोठे स्पीकर चालू केले आणि ती कॅसेट लावली.

मोबाइलवर ऐकलं ते काहीच नव्हतं. इथं तर आख्खा मांडव पुन्हा उभा राहिला. झिमझिम पाऊस ताडपत्रीवर पडताना ऐकू येत होता. गिटार चढली, थांबली. खंजिरीचा जवाब आला आणि कार्यालयात टाळ्या पडल्या. काकांनी हात जोडले. विमलताईंनी पदर मुठीत आवळला.

"आता जरा पुढं," सलील म्हणाला. "सदाशिवराव, मला कित्येक महिने छळणारा एक प्रश्न आहे. चार मिनिटं जुगलबंदी रंगते, आणि अचानक खंजिरी बंद पडते. दीड मिनिट ती नाहीच. लायनेल तेवढा वेळ एकाच तारेवर टिक टिक करत राहतो. एवढा मोठा वादक, काहीच वाजवत नाही! आणि मग खंजिरी येते ती चांगली दोन सूर वर. काय झालं होतं तिथं?"

काकांनी घसा खाकरला. "दुसरी खंजिरी घेतली मी."

"पण दोन्हींत तीच एक सैल चकती वाजते. अगदी सारखी."

"मंग तेच असंल. चाळीस वर्षं झाली बापा, कोनाले ध्यानात राह्यते?" लोक हसले. सलीलही हसला. लोक हसले म्हणून काकांना चेव आला. "खरं सांगू काय? तुमचा लायनेल पुढचं विसरला होता. गडबडला तो. मीच मंग त्याले सावरून घेतलं."

इथं चुकलं काकांचं. विमलचं श्रेय घेतलं, खंजिरी घेतली, मानपत्र घेतलं, ते सगळं विमलताईंनी एकोणचाळीस वर्षं गिळलं होतं, कदाचित आजही गिळलं असतं. पण तो माणूस विसरला? तो गडबडला? सलीलनं खिशातून कागद काढला आणि नाव कसं छापायचं म्हणून पेन पुढं केलं, तेवढ्यात मधल्या रांगेतून आवाज आला.

"विसरला नव्हता तो!"

सगळ्या माना वळल्या. न बोलणारी बाई उभी होती.

"विमल, खाली बस," काका म्हणाले.

"नाई बसत! तो विसरला नव्हता, काका. तो थांबला होता. माह्यासाठी थांबला होता!" आणि सलीलकडं वळून त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. "पानी येऊन राह्यलं होतं. ओलीनं चामडं उतरलं, खंजिरी बद बद बोलाले लागली. शेकल्याबिगर ते चढत नाई. स्टेजवर शेकोटी कुठली? मी इकडं तिकडं पाह्यलं. त्याची ते काळी पेटी होती ना, जिच्यातून गिटारचा आवाज येते, ते मागून उघडी होती. आत काचेच्या नळ्या, लालभडक पेटलेल्या. मी तिथं जाऊन बसली आणि खंजिरी त्या नळ्याइपाशी धरली. त्यानं पाह्यलं. त्याले समजलं. एका तारेवर ठेका धरून राह्यला बिचारा, मी येतपर्यंत."

 सलील जागचा हलला नव्हता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "त्या दीड मिनिटात अजून काही केलं होतं तुम्ही?"

विमलताईंनी डोळे मिटले. "टिचकी मारून पाह्यली. चढलं का म्हनून. पह्यल्यांदा नाई चढलं. दुसऱ्यांदा थोडं. तिसऱ्यांदा बरोबर आलं, तवा उठली."

सलीलनं पेन खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. त्यानं दुसरं काहीतरी लावलं आणि आवाज पूर्ण मोठा केला. एका तारेची टिक टिक आली, खालची खरखर आली, आणि त्या खरखरीच्या खाली, अगदी बारीक, एक टिचकी. थोड्या वेळानं दुसरी, जराशी वर. मग तिसरी, खणखणीत.

"हे मी आजपर्यंत कोणालाच ऐकवलेलं नाही," सलील म्हणाला. "मूळ कॅसेटवर हे ऐकूच येत नाही, साफ करताना मला सापडलं. काय आहे ते मलाही कळत नव्हतं."

आता सगळे काकांकडं पाहत होते. सदाशिवरावांनी टेबलावरचं लाल कापड सारखं केलं. मग माईक बाजूला सारून उठले. ताठ मान जरा वाकली होती.

"हेच होती," ते म्हणाले. "विमलच होती. माह्या भावानं शपथ घातली होती, पोरीच्या लग्नासाठी. पह्यली दहा वर्षं मी तिच्यासाठी खोटं बोललो. मंग मले ते गोड लागाले लागलं." "विमल, बाई, मले माफ कर."

लोकांना वाटलं, आता ही काकांच्या पाया पडणार, रडारड होणार, आणि भजी थंड होणार. विमलताई स्टेजपाशी गेल्या आणि हात पुढं केला.

"माफीचं मंग पाहू, काका. आधी माही खंजिरी द्या."

मागच्या पोरांनी एकच गिल्ला केला. काकांनी दोन्ही हातांनी खंजिरी उचलून त्यांच्या हातात दिली. विमलताईंनी एक टिचकी मारली. बद. श्रावणाची ओल, दुसरं काय होणार?

"आना इकडं," मागून आवाज आला. नयनचे बाबा केव्हाच उठून पुढं आले होते. "मी शेकून आनतो." एकोणचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वयंपाकघरातली काडीही कधी हलवली नव्हती. आता तो भज्यांच्या शेगडीपाशी उकिडवा बसला, आणि कढई बाजूला करा म्हणून आचाऱ्याशी वाद घालायला लागला.

"लय जवळ धरू नका, फाटंल!" विमलताई ओरडल्या.

"तुही खंजिरी फाटू देईन काय मी?" तिकडून उत्तर आलं, आणि निशिगंधा हसता हसता रडली.

तेवढ्या वेळात सलील स्टेजच्या पायरीवर विमलताईंच्या शेजारी येऊन बसला.

"ताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. याच्यासाठीच मी इतकी वर्षं या कॅसेटच्या मागे होतो. यवतमाळनंतर लायनेलनं ही धून कित्येक वेळा वाजवली. मुंबईत, कलकत्त्यात, परदेशात. प्रत्येक वेळी तो त्या ठिकाणी थांबतो. आठ मात्रा. ड्रमवाल्यालाही वाजवू देत नाही. सगळं बंद. आणि मग पुढं वाजवतो. आम्ही भक्तमंडळी यावरून वीस वर्षं भांडलो. कोणी म्हणायचं ध्यान लावतो, कोणी म्हणायचं नुसता दिखावा. ही कॅसेट ऐकली तेव्हा मला कळलं, की ती मोकळी जागा खंजिरीची आहे. त्यानं ती दुसऱ्या कोणाला दिलीच नाही."

  मांडवातला तो हसरा चेहरा विमलताईंनी एकदाच पाहिला होता, आणि तो माणूस जन्मभर जागोजागी जाऊन त्यांच्यासाठी आठ मात्रा रिकाम्या ठेवत होता. इकडं त्या अंबाडी निवडत होत्या.

नयनचे बाबा खंजिरी घेऊन आले. बोटं पोळली होती, पण तोंडावर लग्नात नसेल एवढी ऐट होती. विमलताईंनी टिचकी मारली. चढली होती.

"त्याचा शेवटचा कार्यक्रम लावा," त्या म्हणाल्या.

सलीलनं लावला. मुंबई, दोन हजार आठ. गिटार तीच, हात म्हातारा झालेला. थोडा सावकाश, पण खरा. विमलताई स्टेजवर मांडी घालून बसल्या, पदर खोचला, खंजिरी डाव्या हातात धरली. काका खालच्या खुर्चीत येऊन बसले होते. गिटार वर चढत गेली, वर, अजून वर, आणि थांबली.

आणि विमलताईंनी जवाब दिला.

आठ मात्रा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कळंबच्या त्या कार्यालयाच्या पत्र्याला हादरे बसले. आठवी पडली न पडली तोच स्पीकरमधून गिटार आली, आणि जे आलं ते ऐकून सलील ताडकन उभा राहिला. यवतमाळात त्यानं विमलच्या मात्रांना जी शेपटी जोडली होती, तीच ती होती. इतकी वर्षं कोणालाच न कळलेली, रिकाम्या जागेला दिलेली दाद. आज त्या शेपटीआधी जे हवं ते वाजलं होतं, आणि दोन्ही टोकं जुळली होती.

लोक खुर्च्यांवर चढले. शाळेची पोरं स्टेजपाशी धावली. सदाशिवराव टाळ्या वाजवत होते, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. सलीलनं तो कागद पुन्हा काढून निशिगंधाकडं दिला, आणि तिनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'खंजिरी: विमल'.

विमलताईंचं तिकडं लक्ष नव्हतं. गिटार पुढं वाजतच होती. त्या स्पीकरकडं तोंड करून बसल्या होत्या, हसत होत्या, आणि पुढच्या थांब्याची वाट पाहत खंजिरी वर धरून होत्या.

"आली ना बापा मी," त्या त्याला म्हणाल्या. "लय थांबवलं तुले."